फाटक बंद झालं आणि लेआउट सुरू झाला : ऐरोलीतल्या एका छोट्या रेल्वेचं प्रकरण

फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि त्याच वेळी फास्ट लोकलचं पारसिकच्या बोगद्यातून जाणं थांबलं. १९१६ साली खुला झालेला, सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा तो बोगदा आता मेल-एक्सप्रेसच्या वाट्याला आहे. लोकल सगळ्या मुंब्र्याच्या बाजूनं, डोंगराला वळसा घालून जातात. वेळापत्रकाच्या दृष्टीनं ही चांगलीच गोष्ट झाली. पण ज्यांनी पंचवीस-तीस वर्षं डोंबिवली-कल्याणहून फास्ट पकडून नोकरी केली, त्यांच्या प्रवासातला एक तुकडा कायमचा गेला. बोगदा आला की डब्यात होणारा तो आरडाओरडा, शिट्ट्या, खिडकीतून येणारी गार, ओलसर हवा आणि पलीकडे उजेडात आल्यावर उगाच एकमेकांकडे बघून हसणं.

हे प्रकरण तशाच एका प्रवाशाचं. आमच्या सोसायटीत त्यांना सगळे काका म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात त्यांनी ड्राफ्ट्समन म्हणून हयात घालवली. आधी राहायला डोंबिवलीत होते. फास्टनं ठाणे, तिथून कंपनीची बस, कळवा-विटाव्यावरून पुढे. नव्वदच्या दशकात ऐरोलीला सिडकोचं घर घेतलं, तेव्हा ऐरोलीला रेल्वे नव्हतीच. ठाणे-वाशी गाडी आली ती २००४ च्या नोव्हेंबरात. कारखाना त्याआधीच बंद पडला होता आणि त्या जागेवर आज काचेच्या इमारती आहेत. निवृत्तीनंतर काकांनी मॉडेल रेल्वेचा, म्हणजे खऱ्या रेल्वेची छोटी प्रतिकृती फळीवर उभी करून चालवण्याचा, नाद लावून घेतला. अशा मांडणीला लेआउट म्हणतात. मी त्यांच्याकडे वायरिंगसाठी जात असे, म्हणून हे सगळं जवळून बघायला मिळालं. लिहितोय ते अशासाठी की आपल्याकडे हा छंद करणारे बहुतेक जण काकांनी सुरुवात केली तिथूनच सुरुवात करतात, आणि काकांचं गाडं अडलं तिथेच त्यांचंही अडतं.

काय बांधायचं होतं

महाराष्ट्रात छोटी रेल्वे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पुण्यातलं, कोथरूडचं जोशी यांचं संग्रहालय येतं. काल्पनिक शहर, एकाच वेळी धावणाऱ्या कितीतरी गाड्या, सर्कशीचा तंबू, मुलांचा जल्लोष. ती गंमत वेगळी. काकांना खरी जागा हवी होती. ठाण्याचा माणूस म्हटल्यावर प्रत्येक पाहुणा एकच सल्ला द्यायचा, “मग १६ एप्रिल १८५३ ची गाडी करा की! बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, साहिब, सिंध, सुलतान.” काकांचं उत्तर ठरलेलं असे.

“ते मी पाहिलेलं नाही. मी पाहिलंय तेवढंच करणार.”

पाहिलं होतं ते १९८४ चं. साल त्यांनी मुद्दाम ठरवलं. तेव्हा लोकल नऊ डब्यांच्या आणि तारेत १५०० व्होल्टचा डीसी करंट, खाडीपलीकडे कळवा, मग पारसिकचा डोंगर, डोंगराच्या पोटातून फास्ट आणि खाडीच्या कडेनं स्लो. रेतीबंदरावर रेतीच्या होड्या लागलेल्या. साल ठरवण्याबद्दल मी काकांना पूर्ण गुण देतो. जुन्या जागेचा लेआउट करणाऱ्यांचा पहिला घात इथेच होतो. आठवण साल बघत नाही. तिला शाळेत असतानाचा टांगा हवा असतो, कॉलेजातली डबलडेकर हवी असते आणि लग्नाच्या वर्षी लागलेला निऑनचा बोर्डही हवा असतो. सगळं एका फळीवर मांडलं की जागा ओळखू येते, पण ती कुठल्याच दिवशी तशी नव्हती हेही जाणवत राहतं. काकांच्या भिंतीवर एक यादी होती, ‘८४ नंतरचं, आणू नये.’ तिच्यात मुंब्र्याचा बायपास होता, पांढऱ्या-जांभळ्या लोकल होत्या, मोबाइलचे टॉवर होते. नातवानं हौसेनं आणलेला जांभळ्या पट्ट्याचा डबासुद्धा त्या यादीपायी कपाटात गेला. त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

मापाचं भांडण

छंदाबाहेरच्या वाचकासाठी थोडं गणित सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा पेच त्यातूनच आला.

काकांनी एचओ हे माप घेतलं, म्हणजे १:८७. या मापाचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो. १६.५ ला ८७ नं गुणलं की १४३५ मिलिमीटर येतात, आणि ते युरोप-अमेरिकेतलं स्टँडर्ड गेज झालं. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. ते १:८७ मध्ये बसवायचं तर रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरचा हवा, आणि असा रूळ बाजारात मिळत नाही. आपल्या लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद, म्हणजे मॉडेलमध्ये ४२ मिलिमीटर. साडेसोळाच्या रुळावर बेचाळीसचा डबा ठेवला की तो अरुंद पाटावर बसलेल्या जाड्या माणसासारखा दिसतो. ड्राफ्ट्समनच्या डोळ्याला हे सहन होईना. काका हातानं रूळ टाकायला निघाले होते. शेवटी इंग्रजांचं उदाहरण कामी आलं. त्यांचं ओओ माप १:७६ चं, रूळ मात्र तोच साडेसोळाचा, म्हणजे त्यांचाही रूळ अरुंदच. तरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं सुखानं चाललं आहे. चाकं, बोग्या, मोटरी तयार मिळतात, म्हणून काकांनी रुळाचा हट्ट सोडला. गिट्टी जरा उंच भरली आणि लेआउटची पातळी छातीपर्यंत आणली. बाजूनं बघितलं तर रुळाची रुंदी कळत नाही. ही युक्ती कुणीही उचलावी.

डबे प्लॅस्टिकच्या पत्र्याचे, घरीच कापलेले. रंग पिवळा-तपकिरी. लोखंडी जाळीच्या पोर्टलना, म्हणजे रुळांवर आडव्या कमानीसारख्या उभ्या असलेल्या त्या खांबांना, त्यांनी सोल्डरिंगनं जन्म दिला. अजूनही ते सगळे झालेले नाहीत. रूळ निकेल सिल्व्हरचे घेतले. नावात चांदी असली तरी त्यात तांबं, निकेल आणि जस्तच असतं. ऐरोलीच्या खाडीकाठच्या हवेत साधे पोलादी रूळ एका पावसाळ्यात तांबडे पडले असते. फळीसाठी एमडीएफ घेऊ नका, जुलैत फुगतं. काकांनी मरीन प्लाय घेतला आणि खालून, वरून, कडांना व्हार्निश मारलं. गवतासाठी रंगवलेला भुसा आणि मातीसाठी वापरून वाळवलेली चहाची पावडर. चहाची पावडर नीट वाळली नाही तर तिला बुरशी येते, हे काकूंनी आधीच बजावलं होतं.

नियंत्रण साधं १२ व्होल्ट डीसीचं. हल्ली सगळे डिजिटलकडे वळतात, पण काका म्हणाले, “आमच्या गाड्या डीसीवर चालायच्या, मग मॉडेलही डीसीवरच.” मुंबईत शेवटची डीसी लोकल एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवर धावली, तेव्हा काका मुद्दाम जाऊन आले होते. भावनेचा भाग सोडा, डीसीच्या या निर्णयामुळे पुढचं काम फार सोपं झालं.

पहिला लेआउट आणि पंधरा मिनिटांचा कार्यक्रम

खोलीच्या दोन भिंतींना धरून इंग्रजी एल अक्षरासारखी फळी. ठाणे ते दिवा हे अंतर साधारण नऊ किलोमीटर, १:८७ मध्ये शंभर मीटरच्या वर. तेवढी लांबी कुणाच्याच घरात नसते. म्हणून या छंदात जागा आखडून घेतात, ओळखीच्या खुणा ठेवतात आणि मधलं गाळतात. काकांनी दर्शनी बाजूला, मधोमध बोगदा ठेवला. दगडी तोंड सुरेख झालं होतं. काळसर दगड, वर झिरपणाऱ्या पाण्याचे शेवाळी ओघळ, आत पहिल्या वीतभर भागात कोरलेला खडक. डोंगर हिरवा. समोरच्या कडेला स्लो लाइन, आणि कोपऱ्यात जागा उरली म्हणून कळव्याजवळच्या खारेगावचं रेल्वे फाटक. नुसतं शोभेचं, दांडे वर केलेले, चिकटवून टाकलेले.

लेआउट झाल्यावर काकांनी जुन्या ग्रुपला बोलावलं. सात बावन्नच्या डब्यातले सोबती, कुणी बँकेतले, कुणी महापालिकेतले, एक जण भजनी मंडळाचे टाळवाले. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. फोटो काढले. गाडी बोगद्यात गेली, पलीकडून बाहेर आली, परत गेली. कुणीतरी आवाजही काढला, जुना, डब्यातला. मग पंधरा मिनिटांत मंडळी बाहेरच्या खोलीत पोह्यांवर आली आणि बोलणं गुडघेदुखीवर गेलं.

पाहुणे गेल्यावर काका म्हणाले, “छान झालंय, पण आत कुणी आलंच नाही.”

ही तक्रार बहुतेक मॉडेलकारांची असते आणि बहुतेक जण तिच्यावर आणखी तपशील चिकटवतात. आणखी माणसं, आणखी झाडं, आणखी दिवे. काकांनीही तेच केलं. डब्यांत दिवे बसवले. बोगद्यात स्पीकर लपवला. भाच्यानं लोकलच्या तोंडाशी छोटा कॅमेरा लावून दिला, मोबाइलवर मोटरमनला दिसतं तसं दिसू लागलं. मजा आली, पण बोगद्याचा बोगदा काही झाला नाही.

तेरा सेकंदांचा बोगदा

कारण गणितात होतं, आणि ते काकांनीच मांडून दाखवलं. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी १:८७ मध्ये सेकंदाला १९ सेंटिमीटर जाते. खरा बोगदा १.३ किलोमीटर, म्हणजे या वेगानं सव्वा मिनिटाहून थोडा जास्त वेळ अंधार. मापात बोगदा बांधायचा तर पंधरा मीटर लांब हवा. काकांचा होता अडीच मीटर. तेरा सेकंदांत खेळ खलास. गाडी हळू चालवली तर लोकल बैलगाडीसारखी रेंगाळते आणि डोळ्याला खोटी वाटते.

शिवाय बोगदा बाहेरून बघायची गोष्टच नाही. जो बाहेर उभा असतो त्याला फक्त गाडी नाहीशी झालेली दिसते. बोगदा म्हणजे काय ते आत बसलेल्यालाच कळतं, आणि मॉडेलमध्ये आत बसायची सोय नाही. काकांना जी जागा सगळ्यात जास्त हुरहुर लावत होती, तीच मॉडेलमध्ये उतरायला सगळ्यात नालायक निघाली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपण आठवणीच्या जोरावर जागा निवडतो. मॉडेल मात्र त्या जागेत काय चालायचं हे बघतं, आणि अडीच मीटरच्या फळीवर ते चालेल का, एवढंच विचारतं.

काकांनी काही महिने खोलीचं दार बंदच ठेवलं.

मावशींचा प्रश्न

शेजारच्या मावशींचं माहेर खारेगावचं. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आल्या, तेव्हा काकूंनी त्यांना हौसेनं लेआउट दाखवला. मावशींनी बोगदा बघितला, मान डोलावली आणि कोपऱ्यात गेल्या.

“भावजी, हे आमचं फाटक का?”

“हो वहिनी.”

“मग उघडं कसं? हे उघडं असायचं कधी?”

मग मावशी बोलत सुटल्या. दांडा खाली येऊ लागला की सायकलवाले मान वाकवून खालून कसे सटकायचे. रेतीचे ट्रक उभे राहिले की ओल्या रेतीतून पाणी टपकून रस्त्यावर डबकं कसं व्हायचं आणि शाळेत जाणाऱ्या मुली परकर वर धरून ते ओलांडायच्या. गेटमन नवा आला की पोरं त्याची परीक्षा कशी घ्यायची. बाळंतपणासाठी बाईला नेताना रिक्षा फाटकावर अडकली, त्याची गोष्ट. आणि पलीकडे लोकल उभी. फाटक बंद होत नाही म्हणून सिग्नल मिळत नाही, सिग्नल मिळत नाही म्हणून गाडी हलत नाही, आणि दारातले लोक खाली वाकून रिक्षावाल्यांना शिव्या घालतायत.

काका गप्प ऐकत होते. स्लो पकडावी लागली की दारात उभे राहून वाकून बघणाऱ्यांत तेही असायचे.

२०२२ च्या सुरुवातीला तिथे उड्डाणपूल झाला आणि फाटक इतिहासजमा झालं. त्याबद्दल हळहळणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मावशीही हळहळत नव्हत्या. पण त्या त्या कोपऱ्यापाशी उभ्या होत्या, आणि तिळगूळ वाटीतच राहिला होता.

इथे प्रकरण फिरलं. बोगद्याची लांबी आखडावी लागते आणि लांबीबरोबर त्याचा वेळही आखडतो. फाटकावरचं थांबणं मात्र आखडावं लागत नाही. खरी लोकल तीन मिनिटं थांबत असेल तर मॉडेलही तीन मिनिटं थांबू शकतं, आणि थांबायला जागा लागत नाही. खोलीएवढ्या जागेत प्रवास मावत नाही, पण खोळंबा अख्खा मावतो.

अमेरिकेत फ्रँक एलिसन या हौशी मॉडेलकारानं १९४० च्या दशकातच लेआउटकडे नाटकाचा रंगमंच म्हणून बघायला सुरुवात केली होती. गाड्या म्हणजे पात्रं आणि वेळापत्रक म्हणजे संहिता, असा त्याचा विचार. तिकडच्या छंदात ‘ऑपरेशन’ हा भाग तेव्हापासून मोठा आहे. आपल्याकडे गाडी गोल फिरली की झालं. रंगमंच असला तर नाट्य कुठेतरी अडायला हवं, आणि ठाण्यापलीकडे ते फाटकावर अडायचं.

फाटक कसं चालवलं

फळी पुन्हा मांडली. बोगदा मागच्या भिंतीला गेला, आतले दिवे आणि स्पीकर काढले. फास्ट गाड्या आता तिकडे जातात आणि दिसेनाशा होतात, बस्स. स्लोचे दोन रूळ पुढे आले आणि फाटकाला जवळजवळ मीटरभर जागा मिळाली.

यंत्रणेचा नियम खऱ्या रेल्वेचाच ठेवला. इंटरलॉक केलेल्या फाटकाचे दांडे पूर्ण खाली येऊन कुलूप लागल्याशिवाय फाटकाच्या सिग्नलला हिरवा मिळत नाही. अशा सिग्नलच्या खांबावर पिवळ्या गोल पाटीवर काळं ‘जी’ असतं. काकांनी तीही पाटी रंगवली, वाटाण्याएवढी. दांड्यांना लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या छोट्या सर्व्हो मोटरी, शंभर-दीडशे रुपयांना मिळणाऱ्या. बटण मात्र ठेवलं नाही. लेआउटच्या कडेला एक हँडल बसवलं. गेटमन झालेल्या माणसानं ते गरागरा फिरवायचं, तेव्हा दांडा हळूहळू खाली येतो. शेवटच्या टप्प्यात एक मायक्रोस्विच दाबला जातो, रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच, ओढला जातो आणि सिग्नल बदलतो.

लोकल थांबवायला सिग्नलआधीचा रूळ दोन ठिकाणी कापला. सिग्नल लाल असला की पहिल्या तुकड्याला वीज मिळते ती डायोडच्या माळेतून. एका सिलिकॉन डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट गळतात, चार जोडले की जवळजवळ तीन. गाडी मंदावते. दुसऱ्या तुकड्यात वीजच नाही, तिथे ती थांबते. डीसीवर हे इतकं स्वस्तात होतं. डायोड घातले नव्हते तेव्हा लोकल भिंतीला धडकल्यासारखी जागच्या जागी गप्प व्हायची आणि सगळी शोभा जायची.

एवढं झालं तरी फाटक अडवणार कोण? मॉडेलमधल्या रिक्षा हलत नाहीत. भाच्याच्या डोक्यातून पत्ते निघाले. मावशी सांगतील ते काकांनी ड्राफ्ट्समनच्या अक्षरात पुठ्ठ्यावर उतरवलं. गेटमननं हँडल फिरवण्याआधी एक पत्ता उचलायचा. ‘रस्ता मोकळा. फाटक पाडा.’ ‘रेतीचा ट्रक रुळावर बंद. तीन मिनिटं.’ ‘वरात. बँडवाल्याला आवरा, चार मिनिटं.’ ‘शाळा सुटली. मुलं जाऊ द्या.’ ‘म्हशी.’ म्हशींच्या पत्त्यावर वेळच लिहिलेली नाही. समोरच्यांनी ठरवायची.

विदेशी लेआउटवर वेगानं पळणारं घड्याळ लावतात, त्यामुळे छोट्या अंतरावर दिवसभराचं वेळापत्रक बसतं. आम्हीही लावून बघायचं म्हणत होतो, काकांनी साफ नकार दिला. घड्याळ पळवलं की फाटकावरची तीन मिनिटं तीस सेकंदांची होणार, मग पुन्हा बोगद्याचंच रडगाणं. भिंतीवर साधं घड्याळ आहे, आणि मला विचाराल तर अख्ख्या लेआउटमधला सगळ्यात शहाणा निर्णय तोच आहे.

तपशिलांचं म्हणाल तर एकच सांगतो. फाटकाशी उभ्या ट्रकच्या मागच्या फाळक्याखाली काकांनी चकचकीत व्हार्निशचे थेंब सोडलेत. ट्रक जिथून आला त्या रस्त्यावर थेंबांची बारीक, तुटक रेघ आहे, आणि तो जिथे उभा आहे तिथे डबकं. रेघ सुरुवातीला विरळ आणि ट्रकजवळ दाट, कारण थांबायच्या आधी ट्रक हळू झालेला असणार. हे मावशींनी सांगितलेलं नव्हतं. काकांना ते गणितानं सुचलं.

दुसरा रविवार

तोच ग्रुप पुन्हा आला. या वेळी टाळवाले गेटमन झाले आणि बँकवाल्यांकडे स्लो लोकल आली. मावशी पत्त्यांचा गठ्ठा घेऊन बसल्या. पहिल्या दोन गाड्या सुरळीत गेल्या. तिसरीला वरात निघाली.

“अहो, पाडा ना फाटक!”

“माणसं मधे आहेत. मारू का त्यांना?”

“मागे दुसरी गाडी लागलीय माझ्या!”

“मग काय उडवून नेऊ?”

बँकवाले खरोखर चिडले होते. चार मिनिटं संपेपर्यंत त्यांनी घड्याळावरची नजर हटवली नाही. मग कुणीतरी दारात उभं राहून ऑफिसला लेट मार्क कसे लागायचे ते काढलं. तीन लेट मार्कांना एक रजा कापणारा साहेब निघाला. फाटकावर उशीर झाला म्हणून हुकलेली एक मुलाखत निघाली, त्या गृहस्थांनी ती आधी कधी कुणाला सांगितली नव्हती. पोहे थंड झाले. मंडळी संध्याकाळी दिवे लागेपर्यंत हलली नाहीत, आणि कुणीही फोटो काढला नाही.

बोगद्याचं काय झालं? कुणीतरी फास्ट सोडायचं ठरवलं. ती मागच्या भिंतीकडे गेली आणि नाहीशी झाली. पुढे स्लो फाटकावर अडकून पडलेली, आणि मागे कुठेतरी फास्ट अंधारातून सुसाट जातेय. “गेली बघा फास्ट!” असं एक जण स्लोच्या वतीनं हळहळला. न दिसणारा बोगदा त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आला, हे माझं मत. काकांना ते फारसं पटलेलं नाही. त्यांना अजूनही वाटतं की मोठी खोली असती तर पंधरा मीटरचा बोगदा केला असता.

जे पटत नाही ते

या पद्धतीवर आक्षेप आहेत, आणि ते सगळे फोल नाहीत. छंदातल्याच एकानं म्हटलं की हा पत्त्यांचा खेळ झाला, मॉडेल कुठे राहिलं? पत्ते नसताना, एकट्यानं गाडी चालवताना लेआउट पहिल्यासारखाच मुका होतो, हे खरं आहे. काका एकटे असले की फाटक लावून ठेवतात आणि बोगद्यातून एक्सप्रेस फिरवतात. दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. त्या फाटकानं लोकांचे हाल केले. धोका होता, रुग्णवाहिका अडायच्या, गाड्यांचं वेळापत्रक कोलमडायचं. आपण त्याची मौज करतोय का? मावशींना मी हे विचारलं. त्या म्हणाल्या, “हाल आमचे होते ना? मग खेळ पण आमचा.” बाळंतिणीच्या रिक्षाचा पत्ता मात्र त्यांनी गठ्ठ्यात येऊ दिलेला नाही. काकांनी तो लिहून तयार ठेवला होता.

अलीकडे रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ येऊन गेले. त्यांनी चहा घेण्याआधीच त्रुटी काढली. सिग्नल दिल्यावर गाडी जवळ येत असताना टाळवाल्यांनी हँडल उलटं फिरवलं आणि फाटक उघडलं. “असं होताच कामा नये. सिग्नल देऊन गाडी जवळ आली की ती पार होईपर्यंत फाटकाचं कुलूप निघतच नाही.” म्हणजे आणखी एक रिले, आणि फाटकाच्या दोन्ही अंगांना गाडी ओळखणारे इन्फ्रारेड सेन्सर. ते काम आता झालं आहे. हँडल अडकतं, आणि अडकल्याचा खट्‌ असा आवाज येतो, तो सगळ्यांना फार आवडतो.

त्यांची दुसरी सूचना राहिली आहे. स्टेशनमास्तर आणि गेटमन फोनवर बोलून एकमेकांना प्रायव्हेट नंबर, म्हणजे त्या बोलण्याची खूण म्हणून एक आकडा, देतात आणि तो वहीत लिहून ठेवतात, म्हणजे उद्या काही झालं तर कोण काय म्हणालं याचा पुरावा राहतो. काकांनी त्यासाठी दोन जुने काळे फोन मिळवलेत, एक आतल्या खोलीत बसेल. टाळवाल्यांची हरकत एवढीच आहे की फोन, वही, हँडल आणि पत्ते एका माणसाला झेपणार नाहीत. काकांचं म्हणणं, खऱ्या गेटमनला झेपायचंच की. वही कुणी लिहायची यावर वाद चालू आहे आणि मावशींनी आपलं नाव आधीच देऊन ठेवलंय.